कारागृहातील महाविद्यालयीन शिक्षण

कारागृहातील महाविद्यालयीन शिक्षण : कारावासाची शिक्षा भोगीत असलेल्या व्यक्तींना शिक्षेच्या मुदतीतच, कारागृहाच्या आवारात, मान्यताप्राप्त महाविद्यालयाने वा विद्यापीठाने दिलेले पदवी अथवा पदविका पातळीवरील शिक्षण. साक्षरतावर्ग, शालेय परीक्षांची तयारी व व्यवसायशिक्षण हे कारागृहातील शिक्षणाचे अन्य प्रकार होत. त्यांची व्यवस्था बहुधा कारागृहाचे प्रशासन स्वतःच पाहते. महाविद्यालयीन शिक्षणाचे वैशिष्ट्य असे, की त्यात बाहेरची एक स्वायत्त शिक्षणसंस्था तुरुंगाच्या भिंतीच्या आत येते आणि बंदी हा काही तासांपुरता त्या संस्थेचा विद्यार्थी ठरतो. ह्या शिक्षणाचा सर्वांत दीर्घ व वादग्रस्त इतिहास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घडला. तेथे स्थानिक तुरुंग, राज्यांची कारागृहे व संघीय कारागृहे अशी त्रिस्तरीय व्यवस्था असून दीर्घ मुदतीची शिक्षा झालेले बहुसंख्य बंदी राज्यांच्या कारागृहांत असतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे राज्यांच्या कारागृहांतील प्रयत्नांचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : शिक्षा म्हणून दीर्घ मुदतीचा कारावास ही कल्पना अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. त्यापूर्वी फटके, डाग देणे, हद्दपारी व देहान्त ह्या शिक्षा प्रचलित होत्या आणि तुरुंग हे प्रामुख्याने खटल्यापूर्वी आरोपीस डांबून ठेवण्याचे ठिकाण होते. फिलाडेल्फिया येथील वॉलनट स्ट्रीट तुरुंगात क्वेकर पंथीयांच्या प्रेरणेने एकांतवास व पश्चात्ताप ह्यांवर आधारलेली नवी पद्धती १७९० मध्ये सुरू झाली. एकांतात बंद्याने बायबल वाचावे अशी अपेक्षा होती. परंतु अनेकांना वाचताच येत नसल्याने अक्षरओळख करून देणे भाग पडले. न्यूयॉर्क राज्याने १८४७ च्या कायद्यान्वये आपल्या कारागृहांत शिक्षकांच्या नेमणुका केल्या. हे शिक्षक रात्री कोठड्यांच्या गजांबाहेर उभे राहून कंदिलाच्या उजेडात एकेका बंद्यास शिकवीत. ह्या काळातील शिक्षणाचा हेतू ज्ञानापेक्षा धर्मबोध हाच होता.

सुधारगृहांचे युग : सिनसिनाटी येथे १८७० साली तुरुंगविषयक राष्ट्रीय परिषद भरली. ओहायओचे तत्कालीन गव्हर्नर व पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रदरफर्ड हेझ हे तिचे अध्यक्ष होते. गुन्हेगाराची सुधारणा हे शिक्षेचे ध्येय असून शिक्षण हे त्या सुधारणेचे एक प्रमुख साधन आहे, हे तत्त्व परिषदेने घोषित केले. त्यानुसार न्यूयॉर्क राज्यात १८७६ साली एल्मायरा सुधारगृह सुरू झाले. तेथील अधीक्षक झेब्युलन ब्रॉकवे (१८२७–१९२०) ह्यांनी अनिश्चित मुदतीची शिक्षा, वर्तनानुसार गुणांकन आणि शाळा ह्यांची सांगड घातली. जवळच्या महाविद्यालयातील अध्यापक संध्याकाळी तेथे येऊन शिकवीत. तुरुंगाच्या दारातून महाविद्यालयीन अध्यापक आत येण्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय. मात्र त्याच एल्मायरात शिस्तीच्या नावाखाली मारहाणही होत असे व तिची चौकशी १८९० नंतरच्या दशकात झाली. शिक्षण हे बंद्याचा हक्क नसून अधीक्षकाच्या हातातील एक साधन आहे, ही तेव्हाची धारणा ह्या विसंगतीतून स्पष्ट होते.

ऑस्टिन मॅकॉर्मिक (१८९३–१९७९) ह्यांनी देशातील बहुतेक सर्व कारागृहांची पाहणी करून प्रौढ बंद्यांच्या शिक्षणाविषयीचा आपला ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. बंदी हा प्रथम शिक्षणाची गरज असलेला प्रौढ माणूस आहे, गुन्हेगार ही त्याची ओळख त्यानंतरची, अशी त्यांची भूमिका होती. ह्याच सुमारास मॅसॅचूसेट्स राज्यातील नॉरफक येथे अधिक मोकळ्या पद्धतीची कारागृह-वसाहत उभी राहिली. तिचे ग्रंथालय समृद्ध होते आणि तेथील बंद्यांचा संघ बाहेरील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांशी वादविवादाचे सामने खेळे. कृष्णवर्णीयांचे पुढारी मॅल्कम एक्स (१९२५–६५) हे १९४८ मध्ये नॉरफकला आले. तेथे त्यांनी शब्दकोश उतरवून काढीत वाचनाची जी साधना केली, तिची हकीकत त्यांच्या आत्मचरित्रामुळे सर्वपरिचित झाली. असे स्वयंशिक्षण साध्य करणारे मात्र विरळाच असतात.

पहिले महाविद्यालयीन वर्ग : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही विद्यापीठांच्या बहिःशाल विभागांनी बंद्यांना पत्रद्वारा अभ्यासक्रम उपलब्ध करून दिले होते. अध्यापकाने प्रत्यक्ष कारागृहात जाऊन पदवीच्या श्रेयांकांसाठी वर्ग घेण्याची पद्धत १९५० नंतर रुजू लागली. सदर्न इलिनॉय विद्यापीठाने त्या राज्यातील मेनार्ड कारागृहात घेतलेले वर्ग ह्या प्रकारात आद्य मानले जातात. केंद्र शासनाच्या दारिद्र्यनिर्मूलन योजनेतील निधीच्या साहाय्याने ऑरेगन राज्याच्या कारागृहात १९६७ मध्ये ‘न्यूगेट’ हा प्रकल्प सुरू झाला व पुढे तो आणखी काही राज्यांत पसरला. कारागृहात सुरू झालेले शिक्षण सुटकेनंतर विद्यापीठाच्या आवारात पूर्ण करता यावे, अशी त्याची योजना होती. बॉस्टन विद्यापीठातील इंग्रजीच्या प्राध्यापिका एलिझाबेथ बार्कर ह्यांनी नॉरफक येथे १९७२ मध्ये वर्ग सुरू केले.

ॲटिकाचा उठाव : न्यूयॉर्क राज्यातील ॲटिका कारागृहात ९ सप्टेंबर १९७१ रोजी सु. १,३०० बंद्यांनी उठाव करून पहाऱ्यावरील लोकांना ओलीस धरले. त्यांच्या मागण्यांत अन्न, वैद्यकीय उपचार व धर्मस्वातंत्र्य ह्यांच्याबरोबर शिक्षणव्यवस्थेच्या आधुनिकीकरणाचीही मागणी होती. चार दिवसांच्या वाटाघाटी फिसकटल्यावर १३ सप्टेंबर रोजी राज्याच्या पोलिसांनी गोळीबार करून कारागृह पुन्हा ताब्यात घेतले. त्या गोळीबारात २९ बंदी आणि ओलिसांपैकी १० जण ठार झाले. उठावातील एकूण मृतांची संख्या ४३ झाली. ह्या घटनेने कारागृहांतील परिस्थितीकडे देशाचे लक्ष वेधले आणि पुढील दशकात अनेक राज्यांच्या कारागृहांची दारे महाविद्यालयांना उघडली.

अनुदानांचा काळ : वर्ग सुरू होण्यास सदिच्छा पुरते, ते टिकण्यास पैसा लागतो. तो उच्च शिक्षणविषयक कायद्याने पुरविला. ह्या १९६५ च्या कायद्यात १९७२ साली दुरुस्ती होऊन गरजू विद्यार्थ्यांसाठी परतफेड न करावयाचे मूलभूत अनुदान सुरू झाले. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबॉर्न पेल (१९१८–२००९) ह्यांच्या नावावरून १९८० पासून ते ‘पेल अनुदान’ म्हणून ओळखले जाते. अर्जदाराची आर्थिक गरज हा त्याचा निकष होता. तो तुरुंगात आहे की बाहेर, हा प्रश्नच कायद्याने विचारला नव्हता. साहजिकच जवळजवळ निष्कांचन असलेले बंदी त्यास पात्र ठरले. महाविद्यालयांना शुल्काची हमी मिळाली आणि कारागृहांवर फारसा बोजा पडला नाही. १९८० नंतरच्या काही वर्षांत असे सु. ३५० कार्यक्रम चालू होते व पुढे त्यांत आणखी भर पडली. मुख्यतः दोन वर्षांच्या सहपदवीचे आणि काही ठिकाणी चार वर्षांच्या पदवीचे हे अभ्यासक्रम असत.

विरोधाचा उगम : कार्यक्रम वाढत असतानाच त्यांचा वैचारिक आधार ढासळू लागला होता. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मार्टिन्सन ह्यांनी १९४५ ते १९६७ ह्या काळातील २३१ अभ्यासांच्या परीक्षणावर आधारलेला लेख १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. पुनर्वसनाच्या प्रयत्नांचा पुन्हा गुन्हा करण्याच्या प्रमाणावर, थोडे अपवाद वगळता, उल्लेखनीय परिणाम दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. लोकचर्चेत त्याचे रूपांतर ‘कशाचाच उपयोग होत नाही’ ह्या सूत्रात झाले. मार्टिन्सन ह्यांनी १९७९ मध्ये आपल्या निष्कर्षास मुरड घातली. परंतु त्या दुरुस्तीकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. अमली पदार्थांविरुद्धची मोहीम, सक्तीच्या किमान शिक्षा व वाढत्या गुन्ह्यांची भीती ह्यांमुळे कारागृहे भरत गेली. राज्ये व संघ ह्यांच्या कारागृहांत मिळून १९७२ साली सु. दोन लाख बंदी होते. १९९४ मध्ये ही संख्या दहा लाखांवर गेली. सुधारणेऐवजी निष्प्रभावीकरण, म्हणजे गुन्हेगारास समाजापासून दूर ठेवणे, हेच शिक्षेचे व्यवहारातील ध्येय बनले.

१९९४ ची बंदी : जन्मठेपेची (सुटकेची शक्यता नसलेली) व देहान्ताची शिक्षा झालेल्यांना १९९२ मध्ये पेल अनुदानातून वगळण्यात आले. त्यानंतर टेक्ससच्या सिनेटर के बेली हचिसन ह्यांनी सर्वच बंद्यांना वगळणारी दुरुस्ती मांडली. कायद्याने वागणाऱ्या श्रमिक कुटुंबातील मुलास महाविद्यालयाचा खर्च झेपत नसताना गुन्हेगारास तो फुकट का मिळावा, हा विरोधकांचा प्रश्न जनमानसाला भिडणारा होता. वस्तुस्थिती अशी होती, की १९९३–९४ मध्ये अनुदान घेणाऱ्या बंद्यांची संख्या सु. २३,००० व त्यांना मिळालेली रक्कम सु. साडेतीन कोटी डॉलर होती. एकूण लाभार्थी व एकूण खर्च ह्यांच्या १ टक्क्याहूनही हे प्रमाण कमी होते. शिवाय पात्र ठरणाऱ्या प्रत्येकास ठरलेल्या सूत्रानुसार अनुदान मिळत असल्यामुळे बंद्यांमुळे बाहेरील कोणाचेही अनुदान हुकत नव्हते, असे संसदेच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने दाखवून दिले. तरीही ही दुरुस्ती गुन्हेविषयक व्यापक विधेयकात समाविष्ट झाली. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन ह्यांनी तीवर १३ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे ॲटिकातील गोळीबारास बरोबर तेवीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, स्वाक्षरी केली. न्यूयॉर्कसारख्या राज्यांनी १९९५ मध्ये स्वतःची शिक्षणसाहाय्ये बंद्यांसाठी बंद केली. दोन-तीन वर्षांत देशातील बहुतेक सर्व कार्यक्रम संपुष्टात आले. अनेक ठिकाणी पदवीला एखादे सत्र उरले असताना वर्ग थांबले. वर्ग चांगले चालत नाहीत म्हणून ते मिटले नाहीत. एका कायद्यातील एका लहानशा कलमाने ते मिटले.

स्वयंप्रेरणेने पुनरारंभ : बंदीनंतरच्या काळात जे थोडे कार्यक्रम उभे राहिले, ते खाजगी देणग्या व स्वयंसेवक ह्यांच्या बळावर. न्यूयॉर्कमधील बेडफर्ड हिल्स ह्या स्त्रियांच्या कारागृहात महाविद्यालय बंद पडल्यावर तेथील बंदी स्त्रियांनीच अधीक्षक, महाविद्यालये व नागरिक ह्यांच्या साहाय्याने १९९७ मध्ये ते पुन्हा सुरू करविले. कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन कारागृहात १९९६ मध्ये स्वयंसेवी अध्यापकांनी सहपदवीचे वर्ग सुरू केले. त्यांतूनच विकसित झालेल्या माउंट टॅमलपाय महाविद्यालयास २०२२ मध्ये स्वतंत्र अधिमान्यता मिळाली. न्यूयॉर्कमधील बार्ड महाविद्यालयाचा विद्यार्थी मॅक्स केनर ह्याने १९९९ मध्ये उभारलेल्या उपक्रमातून २००१ मध्ये वर्ग सुरू झाले. बाहेरील विद्यार्थ्यांना लावले जातात तेच निकष व तोच अभ्यासक्रम, कोणतीही सवलत नाही, हे त्याचे धोरण होते. बार्डच्या बंदी विद्यार्थ्यांच्या संघाने सप्टेंबर २०१५ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठाच्या संघास वादविवादात हरविले, तेव्हा त्याची वार्ता जगभर झाली. आंतरजालाची सोय नसल्याने ह्या संघाने छापील साहित्यावरच तयारी केली होती व तेही प्रशासनाच्या संमतीची वाट पाहून.

बंदीचा शेवट : राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा ह्यांच्या प्रशासनाने २०१५ मध्ये ‘दुसरी संधी’ ह्या अर्थाच्या नावाची प्रायोगिक योजना जाहीर करून निवडक महाविद्यालयांमार्फत बंद्यांना पुन्हा पेल अनुदान देऊ केले, पहिल्या निवडीत ६७ महाविद्यालये होती. डॉनल्ड ट्रम्प ह्यांच्या पहिल्या कारकीर्दीत तिचा विस्तार झाला. अखेर डिसेंबर २०२० मध्ये संसदेने १९९४ ची बंदी उठविणारा कायदा संमत केला व तो १ जुलै २०२३ पासून अंमलात आला. त्यानुसार केवळ सार्वजनिक व विनानफा संस्थांनाच कारागृहात असे कार्यक्रम चालविता येतात. कारागृह-प्रशासन, अधिमान्यता देणारी संस्था व केंद्रीय शिक्षण विभाग ह्या तिघांची मान्यता त्यांना घ्यावी लागते. नव्या नियमांखाली मान्यता मिळालेला पहिला कार्यक्रम कॅलिफोर्नियातील पेलिकन बे ह्या कडक बंदोबस्ताच्या कारागृहातील असून तो हंबोल्ट येथील राज्य विद्यापीठाचा आहे. न्यूयॉर्क राज्यानेही आपले शिक्षणसाहाय्य २०२२ मध्ये बंद्यांना पुन्हा खुले केले.

कार्यपद्धती व अडचणी : प्रवेशासाठी शालेय परीक्षा उत्तीर्ण असणे आवश्यक असते, काही कार्यक्रमांत लेखी निबंध व मुलाखतही घेतात. वर्ग सायंकाळी, दिवसाच्या कामानंतर, भरतात. अध्यापकाची झडती होते व त्याने आणलेले प्रत्येक पुस्तक तपासले जाते. बंद्यांच्या गणतीत फरक पडला किंवा कोठे मारामारी झाली, तर सर्वांना कोठड्यांत बंद करतात आणि त्या दिवशीचा पाठ राहतो. सर्वांत मोठी अडचण बदलीची होय. बंद्यास पूर्वसूचना न देता दुसऱ्या कारागृहात हलविण्याचा प्रशासनास अधिकार असतो व तेथे ते महाविद्यालय नसेल, तर शिक्षण अर्ध्यावर तुटते. म्हणून अभ्यासक्रम संपेपर्यंत बदली न करण्याचा संकेत काही राज्यांनी पाळला आहे. सुटकेनंतरचे अडथळे निराळेच आहेत. महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जावरच पूर्वीच्या दोषसिद्धीचा प्रश्न असे. न्यूयॉर्कच्या राज्य विद्यापीठाने तो २०१६ मध्ये सामान्य प्रवेशअर्जातून काढून टाकण्याचे ठरविले. अनेक व्यवसायांचे परवाने मात्र दोषसिद्ध व्यक्तीस सहजासहजी मिळत नाहीत.

परिणामांचे मूल्यमापन : बेडफर्ड हिल्स येथील २००१ च्या अभ्यासात, महाविद्यालयात शिकलेल्या स्त्रियांपैकी ७.७ टक्के स्त्रिया सुटकेनंतर तीन वर्षांत कारागृहात परतल्या, तर न शिकलेल्यांत हे प्रमाण २९.९ टक्के होते, असे आढळले. रँड ह्या संशोधनसंस्थेने अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. कारागृहातील कोणत्याही प्रकारच्या शिक्षणात भाग घेणाऱ्यांच्या बाबतीत पुन्हा कारागृहात येण्याचा धोका सु. १३ टक्केबिंदूंनी कमी असतो आणि शिक्षणावर खर्चिलेल्या प्रत्येक डॉलरमागे पुढील तीन वर्षांत कारावासाच्या खर्चात चार ते पाच डॉलर वाचतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. अशा आकड्यांविषयी एक सावधगिरी आवश्यक असते. जे शिकण्यास पुढे येतात, ते मुळातच बदलण्यास उत्सुक असू शकतात. त्यामुळे दिसणारा सर्वच फरक शिक्षणामुळे पडला असे म्हणता येत नाही. चांगल्या अभ्यासांत हा भेद लक्षात घेतला जातो व तो घेऊनही लाभ उरतो.

भारतातील प्रयत्न : भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, तुरुंग व विद्या ह्यांचे नाते स्वातंत्र्यचळवळीतून परिचित आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिले, तर विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. मात्र हे विद्यावंत तुरुंगात जाण्यापूर्वीच घडलेले होते. ज्याला बाहेर असताना विद्येचा स्पर्श झाला नाही, अशा सामान्य बंद्याचा प्रश्न वेगळा आहे. न्यायमूर्ती मुल्ला समितीने (१९८०–८३) कारागृहसुधारणेच्या शिफारशींत शिक्षणास महत्त्वाचे स्थान दिले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने दिल्लीच्या तिहार कारागृहात १९९४ मध्ये, म्हणजे अमेरिकेत अनुदान बंद झाले त्याच वर्षी, अभ्यासकेंद्र उघडले. त्यानंतर देशातील अनेक कारागृहांत अशी केंद्रे निघाली. महाराष्ट्रात १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रमही काही मध्यवर्ती कारागृहांत उपलब्ध झाले. भारतीय पद्धती मुख्यत्वे दूरशिक्षणाची आहे. तीत खर्च कमी येतो आणि बदली झाली तरी अभ्यास पुढे चालू ठेवण्यास वाव राहतो. परंतु अध्यापकाशी समोरासमोर होणारा विचारविनिमय, जो अमेरिकी कार्यक्रमांचा प्राण मानला जातो, तो तीत तुलनेने कमी लाभतो.

समालोचन : ह्या इतिहासात वादाचा खरा मुद्दा शिक्षण उपयोगी पडते की नाही हा क्वचितच होता. १९९४ मध्ये ते निरुपयोगी असल्याचे कोणी सिद्ध केले नव्हते व २०२० मध्ये केवळ आकडेवारीनेही मत पालटले नाही. भरमसाट वाढलेल्या कारावासाचा खर्च दोन्ही पक्षांना डोईजड झाला होता. मुख्य प्रश्न शिक्षेच्या स्वरूपाचा आहे. न्यायालय दोषी व्यक्तीचे स्वातंत्र्य ठराविक मुदतीसाठी हिरावून घेते. तिचे भविष्यही हिरावून घ्यावे, असे शिक्षेच्या आदेशात लिहिलेले नसते. गुन्ह्याची झळ सोसलेल्यांचे दुःख खरे असते व शिक्षणाने ते भरून निघत नाही. तथापि बहुसंख्य बंदी एक ना एक दिवस सुटून समाजात परततात. ते कोणत्या तयारीनिशी परततात, ह्याच्याशी पुढे संभाव्य बळी ठरणाऱ्यांचेही हित निगडित असते. एका कलमाने जे एकदा बंद झाले, ते पुन्हा उघडण्यास सव्वीस वर्षे व अंमलात येण्यास आणखी अडीच वर्षे लागली. ह्या अवधीत शिक्षा भोगून बाहेर पडलेल्या असंख्य बंद्यांच्या दृष्टीने ही संधी कायमची हुकली.